तंबाखूच्या मळ्यातला खापरपणजा



वाटणीचे प्रकरण निघाले की आपण तलाठ्याकडे जुने फेरफार काढायला धावतो. आजा, पणजा, खापरपणजा अशी नावे सापडत जातात. अमेरिकेतल्या मेरीलँड आणि व्हर्जिनिया भागात मात्र काही घराण्यांचा माग एका माणसापाशी येऊन तुटतो. १७६० च्या सुमारास तो कुणाच्या तरी तंबाखूच्या मळ्यावर राबताना दिसतो. बाप कोण, गाव कोणते, पत्ता नाही. अशांपैकी काहींचे मूळ इंग्लंडच्या तुरुंगात निघते.

१७१८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कैद्यांना समुद्रापार धाडण्याचा कायदा केला. तेव्हापासून १७७५ पर्यंत सुमारे ५० हजार कैदी अमेरिकेत गेले. बहुतेकांना सजा ७ वर्षांची. फाशी माफ झालेल्यांना बहुधा १४ वर्षे किंवा जन्मभर. मुदतीआधी मायदेशी परतला तर फास ठरलेला. जहाजवाला व्यापारी सरकारकडून डोईमागे ३ ते ५ पौंड घेई आणि पलीकडच्या बंदरात तोच माणूस १० पौंडांच्या आसपास विकून टाकी. दोन्हीकडून कमाई!

तंबाखूला माणसे किती लागतात, हे निपाणी-कागलकडच्या वाचकांना सांगायला नको. रोपे करा, लावण करा, शेंडे खुडा, फुटवे काढा, अळ्या वेचा, पाने सुकवा. आफ्रिकेतून धरून आणलेला गुलाम महाग पडे, कैदी स्वस्त. म्हणून मळेवाले बंदरावर येऊन हातपाय, दात पाहून माणूस निवडत. बाजारात बैल पाहावा तसा.

आता शोध कसा घ्यायचा? पीटर विल्सन कोल्डहॅम यांनी जुनी दप्तरे धुंडाळून अशा लोकांची नावनिशीवार जंत्री केली. ती १९८८ मध्ये छापली गेली. तिथे नाव लागले की खटल्याकडे वळावे. लंडनच्या ‘ओल्ड बेली’ कोर्टातल्या खटल्यांची छापील वृत्ते १६७४ पासूनची आहेत आणि आज ती संगणकावर फुकट वाचता येतात. इतर परगण्यांतल्या मोठ्या फौजदारी कोर्टांचे कागद क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात पाहावे लागतात. १७३३ पर्यंतचे बरेच कागद लॅटिनमध्ये, त्यामुळे जाणकार गाठावा लागतो.

कागद वाचताना एक खुबी ध्यानात ठेवावी. घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला तर फाशी होती. म्हणून पंच पुष्कळदा मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवीत. असा आकडा दिसला की समजावे, कुणाला तरी त्या माणसाची दया आली होती. दुसरे असे की, आरोपपत्रात ‘मजूर, राहणार अमुक गाव’ असे असले तरी ते गाव बहुधा गुन्हा घडला तिथले असते, जन्मगाव नव्हे. या एका ओळीने पुष्कळांना चुकीच्या गावी नेले आहे.

अमेरिकेतला सर्वांत बोलका कागद म्हणजे पळून गेलेल्या गड्याची जाहिरात. ‘मेरीलँड गॅझेट’ आणि ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये मालक अशा जाहिराती देत: उंची, केस, कपाळावरचा व्रण, अंगावरचा सदरा, बोलण्याची ढब. ज्याचे चित्र कुणी काढले नाही त्याचे रूप एवढे बारकाईने दुसरीकडे कुठे मिळणार? सज्जन, निमूट शेतमजुराचे एवढे वर्णन कुणीच लिहून ठेवले नाही.

ऑस्ट्रेलियात १७८८ पासून असेच कैदी उतरले, आणि तिथले लोक आज ते नाते अभिमानाने सांगतात. अमेरिकेत मात्र सुटलेला कैदी नव्या मुलखात निघून जाई आणि घरात तो विषय पुन्हा काढीत नसे. वसाहतीतही या लोकांची चीड होतीच. बेंजामिन फ्रँकलिनने १७५१ मध्ये उपरोधाने लिहिले होते की, कैद्यांच्या बदल्यात आपण इंग्लंडला विषारी साप पाठवू या.

एकाच नावाची चार माणसे एकाच वर्षी सापडतात. नुसते नाव जुळले म्हणून त्याला खापरपणजा करू नये. कोर्ट, जहाज, उतरल्याचे साल आणि तिथल्या कौंटीच्या दप्तरातली पहिली नोंद यांची सांगड बसेपर्यंत वंशावळीत ते नाव शिसपेन्सिलीने लिहावे.