न दिसणाऱ्या धावा

मुलांनो, बेसबॉलमध्ये बेसजवळचे चार क्षेत्ररक्षक असतात. त्यांत मोलाचा कोण? ‘जोरात फटके मारणारा!’ असंच म्हणाल ना? मग हे वाचा.

अमेरिकेतला एडी मरे पहिल्या बेसवर खेळायचा. त्याचे होमरन, म्हणजे मैदानाबाहेर टोलवलेले फटके, ५०४! सेंट लुईस कार्डिनल्सच्या ऑझी स्मिथचे १९ हंगामांत अवघे २८. पण ऑझीची जागा दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली, शॉर्टस्टॉपची. जमिनीलगतचे कितीतरी चेंडू तिकडेच येतात. ऑझी सूर मारून ते अडवायचा. क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ त्याला १३ वेळा मिळाला. ‘हॉल ऑफ फेम’चा मान ऑझीला २००२ मध्ये मिळाला, मरेला २००३ मध्ये.

अडवलेली धाव फळ्यावर दिसत नाही, पण संघाला ती वाचवतेच. उद्या भिडू निवडताना चेंडू अडवणाऱ्याला शेवटी ठेवू नका हं!