मधुमेह : वेळीच ओळखा, आटोक्यात ठेवा

वारंवार लघवी, सतत तहान, खाऊनही वजन घटणे, जखम लवकर न भरणे ही मधुमेहाची नेहमीची लक्षणे. पण अनेकांना यांपैकी काहीच जाणवत नाही आणि तोवर डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसांना इजा होऊ लागते. म्हणूनच तिशीनंतर, विशेषतः पोट सुटलेले असल्यास किंवा आईवडिलांना मधुमेह असल्यास, रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास पुन्हा तपासून निदान पक्के करतात. १०० ते १२५ ही धोक्याची सूचना. या टप्प्यावर आहार-व्यायामाने मधुमेह टाळता किंवा लांबवता येतो.

साखरेऐवजी गूळ चालतो, हा गैरसमज आहे. गुळानेही रक्तातली साखर वाढते. ताटातला भात कमी करून कोशिंबीर, पालेभाजी, मोडाची उसळ वाढवावी. भाकरीही मोजूनच खावी. रोज अर्धा तास भरभर चालावे. गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये, औषधही बंद करू नये.

मधुमेहींसाठी वेगळा स्वयंपाक नको. हेच जेवण घरातल्या सर्वांच्याच हिताचे!