तयार पोरं घेऊन कोच होता येत नाही

‘फुटबॉल मॅनेजर’ खेळताना मी एकच नियम पाळतो : बाहेरचा एकही खेळाडू विकत घ्यायचा नाही. दरवर्षी क्लबच्या अकादमीतून जी पोरं येतील, तीच घडवायची. गेम हा नियम लादत नाही. बाजार उघडा असतो, तरी जायचं नाही.

हा वेडेपणा नाही. स्पेनमधला अ‍ॅथलेटिक बिल्बाओ शंभरहून जास्त वर्षं बास्क मुलखातले किंवा तिथे घडलेलेच खेळाडू खेळवतो. १९२९पासून तो ला लिगातून एकदाही खाली घसरलेला नाही. २०२४मध्ये, ४० वर्षांनी, त्यानं कोपा देल रे पुन्हा जिंकला.

आता लातूर-नांदेडचे ‘नीट’चे फ्लेक्स बघा. इथेही पोरं घडवण्याचाच दावा असतो. पण दहावीला ९५ टक्केवाल्याला फी माफ करून ओढायचं, वेगळ्या बॅचला बसवायचं, रँक आली की फोटो आपला. गेममध्ये याला ट्रान्सफर म्हणतात, कोचिंग नाही. पूर्ण फी भरणारा ६० टक्केवाला फ्लेक्सवर कधीच दिसत नाही.

एखाद्या क्लासनं एक वर्ष माझा नियम लावून दाखवावा. निवड परीक्षा नाही, येईल त्याला घ्यायचं. फ्लेक्सवर प्रत्येकाचे येतानाचे आणि जातानाचे मार्क छापायचे. मग बोलू ‘पॅटर्न’बद्दल.