चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा : प्रश्न केवळ मुंबईचा नव्हता

१/ मुंबईसाठी केंद्रीय अर्थमंत्रिपदावर लाथ मारणारा मराठी माणूस, अशी चिंतामणराव देशमुखांची प्रतिमा महाराष्ट्राने जपली आहे. महाराष्ट्राबाहेर तोच राजीनामा प्रांतीय भावनेच्या खात्यावर मांडला जातो. गौरव असो वा हेटाळणी, दोन्हींत त्या राजीनाम्याचा अर्धा आशय हरवतो.

२/ देशमुख हे आंदोलनातून घडलेले पुढारी नव्हते. सनदी सेवेतून आलेले ते अधिकारी. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० पासून अर्थमंत्री. १९५२ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले.

३/ १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार असल्याचे आकाशवाणीवरून जाहीर केले. मुंबई पेटली, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. देशमुखांनी राजीनामा देऊ केला. त्याच आठवड्यात आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणाही त्यांनीच केली.

४/ तो राजीनामा जुलैपर्यंत रखडला. हे सहा महिने ते पदावर का राहिले, हा आक्षेप रास्त आहे. मात्र २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत त्यांनी केलेले निवेदन या विलंबामुळे खोटे ठरत नाही.

५/ त्या निवेदनात गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारल्याबद्दल संताप होता आणि महाराष्ट्राविषयीच्या आकसाचा आरोपही होता. पण त्यासोबत एक घटनात्मक तक्रारही होती : एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच जाहीर झाला.

६/ सरकारचे धोरण ठरविण्याचा पंतप्रधानाला अधिकार आहे, असा नेहरूंच्या उत्तराचा आशय होता. अधिकार आहेच. परंतु राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ नुसार लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते ते संपूर्ण मंत्रिमंडळ. ज्या निर्णयावर मत विचारलेच गेले नाही, त्याची जबाबदारी मंत्र्याने कोणत्या न्यायाने वाहावी?

७/ हा प्रश्न अर्थमंत्र्याला सर्वाधिक जाचतो. इतर खाती पैसा मागतात. नकार देण्याचे अप्रिय काम त्याच्याकडे असते. चर्चेच्या दालनाबाहेर निर्णय होऊ लागले, की त्या नकाराला जागाच उरत नाही. देशमुखांचे पूर्वसुरी जॉन मथाई यांनीही १९५० मध्ये पद सोडले होते. नियोजन आयोगाचे वाढते अधिकार हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

८/ इतिहासाचा उपरोध पाहावा. १९५६ च्या गोळीबाराच्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. १६ जुलै १९६९ रोजी त्याच मोरारजींकडून इंदिरा गांधींनी अर्थखाते काढून घेतले आणि तीन दिवसांनी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. राष्ट्रीयीकरण योग्य की अयोग्य, हा वाद निराळा. अर्थमंत्र्याला बाजूला सारून आर्थिक धोरण राबविता येते, हा पायंडा मात्र पक्का झाला.

९/ अर्थमंत्री हा पंतप्रधानाचा प्रतिस्पर्धी नव्हे, हे मान्य. त्याला नकाराधिकार असावा, असेही कोणी म्हणत नाही. निर्णयापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले जावे, एवढीच अपेक्षा आहे. ती पुरी होत नसेल, तर अर्थसंकल्पाच्या दिवशी संसदेत उभा राहणारा मंत्री दुसऱ्याने मांडलेला जमाखर्च वाचून दाखविणारा कारकून ठरतो.

१०/ १ मे १९६० रोजी मुंबई महाराष्ट्राला मिळाली आणि देशमुखांच्या राजीनाम्यातील अर्धी मागणी पूर्ण झाली. उरलेली अर्धी कोणत्याही एका प्रांताची नव्हती. म्हणूनच तिचे स्मारक कोणी उभारले नाही.