विश्लेषण : क्योटोने पर्यटकांचा स्वस्त बस-पास का बंद केला?

२०२४ मध्ये सुमारे ३ कोटी ६९ लाख परदेशी पर्यटक जपानला गेले. येनची घसरण हे त्याचे एक मोठे कारण. क्योटो त्यांच्या यादीत असतेच. पण या शहरात भुयारी रेल्वेचे मार्ग दोनच, त्यामुळे भार सिटी बसवर. मोठाल्या बॅगांसह पर्यटक चढतात आणि दवाखान्यात निघालेल्या आजीबाई थांब्यावरच राहतात.

काय बदलले?

फक्त बसच्या एकदिवसीय पासची विक्री सप्टेंबर २०२३ अखेर थांबली. उरला बस व भुयारी रेल्वेचा ११०० येनचा एकत्रित पास. जून २०२४ पासून शनिवार-रविवारी व सुट्ट्यांना पर्यटकांसाठी कियोमिझु, गिन्काकुजीकडे जलद बस सुरू झाली. साध्या बसचे भाडे २३० येन, हिचे ५००. दुपटीहून जास्त, पण थांबे मोजके.

मग फिरावे कसे?

फुशिमी इनारीला बस हवीच कशाला? जेआरच्या नारा मार्गावर क्योटोनंतरचे दुसरेच स्थानक इनारी. उतरले की देवस्थान समोर. ते दिवसरात्र खुले असते, तेव्हा भल्या पहाटे गेलेले उत्तम. चाकरमान्यांच्या गर्दीतही भर पडत नाही. आराशियामालाही जेआर जाते. पंचाईत सुवर्णमंदिर किन्काकुजीची. तिथे रेल्वे नाही. किताओजीपर्यंत भुयारी रेल्वे आणि पुढे बसच.