दोष केवळ हाताचा नव्हे

ज्या विमानांत मनुष्य बसत नाहीं, त्यास मानवरहित विमान म्हणतात. परंतु हें नांव अर्धेंच खरें आहे. चालक आकाशांतून उतरून जमिनीवरील नियंत्रणकक्षांत बसला, इतकेंच. तेथें त्याच्या कानीं एंजिनाचा आवाज पडत नाहीं, अंगास हादरा जाणवत नाहीं. पडद्यावरील आंकडे व हाताखालचे दांडे हाच त्याचा सारा आधार. म्हणून असा कक्ष रचणें हें यंत्रज्ञानाइतकेंच मनुष्यस्वभाव जाणण्याचेंहि काम आहे.

ता. २५ एप्रिल २००६ रोजीं पहांटे अमेरिकेंतील अॅरिझोना राज्यांत, नोगालेसजवळ, सीमेवर पहारा करणारें 'प्रेडेटर बी' विमान कोसळलें. त्याच्या कक्षांत सारखींच दोन मेजें होतीं. एक चालकाचें, दुसरें कॅमेरा सांभाळणाऱ्याचें. चालकाचें मेज अडलें, तेव्हां त्यानें सूत्रें दुसऱ्या मेजाकडे नेलीं. पण जो दांडा चालकाच्या मेजावर इंधन राखी, तोच दुसऱ्यावर कॅमेऱ्यांतील उजेड कमीअधिक करी. आणि त्या वेळीं तो नेमका इंधन तोडण्याच्या जागीं होता. एंजिन बंद पडलें. विमान खालीं येत आहे हें चालकास दिसलें. कां येत आहे, तें कळलें नाहीं. सुदैवानें कोणासहि इजा झाली नाहीं.

तपासणीची नेमलेली यादी चालकानें पाळली नव्हती, असें चौकशींत ठरलें. हा दोष लहान नव्हे. परंतु एकाच दांड्यास दोन कामें देणारा रचनाकार निर्दोष कसा?

कोणी म्हणेल, सावध मनुष्य चुकत नाहीं. अनुभव निराळा आहे. १९४७ सालीं फिट्स व जोन्स या संशोधकांनीं वैमानिकांच्या ४६० चुका तपासल्या. त्यांपैकीं सुमारें निम्म्या एका दांड्याऐवजीं दुसरा हातीं धरल्यानें घडल्या होत्या. त्यापूर्वींच, दुसऱ्या महायुद्धांत, अल्फॉन्स चापानिस यांनीं उपाय सुचविला होता : चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी करावी, म्हणजे अंधारांतहि बोटांस ती ओळखतां येईल. इतका साधा धडा साठ वर्षांनींहि विसरला जावा, ही खेदाची गोष्ट होय.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यांतील कित्येक उद्यां यंत्रें रचतील. दमलेला, गोंधळलेला मनुष्य तें यंत्र हाताळील, हें ध्यानांत ठेवूनच तें रचा. आणि पालकहो, अपघात घडतांच 'कोण चुकला?' एवढेंच विचारून थांबूं नका. 'चूक इतकी सोपी कोणीं केली?' हेंहि मुलांस विचारावयास शिकवा.