फोर बाय फोरचा माज

फोर बाय फोर थार घेतली, पाऊस पडला, की आमचे मित्र फोर-एच टाकून ताम्हिणी घाटात हजर. का, तर म्हणे "ग्रिप मिळते"! अहो, या गाडीत मधला डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात तो फरक चाक घसरून निघून जातो. डांबरावर सगळा ताण गिअरांवर. स्टिअरिंग उगाच जड होत नाही! आणि ब्रेक? ते अल्टोलाही चारही चाकांना असतात. फोर-एचने गाडी लवकर थांबत नाही राव, धुक्यात पुढे एसटी आली की कळेल.

ऑफिसात ज्युनियरला "आधी डॉक्युमेंटेशन वाच" म्हणून झापणारे हेच. गाडीचं मॅन्युअल मात्र प्लॅस्टिकमध्येच. मी फोर-एल शिकलो ते नांगरलेल्या शेतात, गाडी थांबवून, न्यूट्रलला टाकून. बघायला फक्त दोन म्हशी होत्या.